दहा हजारांतलं जुनं कटर मशीन: काय घ्यावं, काय तिथंच ठेवून यावं

खानदेशात ‘चेनसॉ’ हा शब्द दुकानाच्या पाटीवर. बोलण्यात ‘कटर’, नाहीतर ‘झाड कापायचं मशीन’. जुनं कटर शोधणाऱ्याचं बजेट आठ-दहा हजारांचं असतं आणि तेवढ्यात तीन तऱ्हेचा माल समोर येतो. ठेकेदारानं पिळून काढलेलं मोठं ब्रँडेड मशीन, कुणाच्या शेडमध्ये दोन-चार वर्षं पडून असलेलं छोटं ब्रँडेड मशीन, आणि ५८ सीसीचं चिनी. आमचा कौल मधल्याला. तोही एका अटीवर: सायलेंसर खोलून पिस्टन बघू दिला तरच. रंग, आवाज आणि विकणाऱ्याची ‘बठ्ठं चांगलं शे भाऊ’ (सगळं चांगलं आहे) ही ग्वाही, यातलं काहीच धरून चालत नाही.

आधी काम ठरवा. बांधावरची बाभूळ, वाळलेला निंब, जुनी लिंबू-मोसंबीची बाग मोडणं, घरचं सरपण, एवढ्याला ३० ते ३५ सीसी आणि १४ किंवा १६ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) पुरतो. सोळा इंची बारनं दोन्ही अंगांनी कापत गेलं तर दोन फुटी बुंधाही निघतो, फक्त वेळ जास्त जातो. रोज तोडीचं काम असेल, किंवा चिंच नि अंजन यांसारखं दगडी लाकूड असेल तर ४५ सीसीच्या खाली जाऊ नका. अंजन चेनची धार बघता बघता खातं. आणि केळीच्या खांबाला कटर लावायचं मनातही आणू नका. ओले तंतू स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) आणि क्लचच्या ड्रममध्ये सुतळीसारखे गुंडाळले जातात, ते काढण्यात अर्धा दिवस जातो. रावेर-यावलच्या केळीला विळा आणि कोयताच बरा.

आता माल. छोट्या ब्रँडेड मशिनांत सगळ्यात जास्त हाती येणारं म्हणजे स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस १८०. ३१.८ सीसी, बार-चेन सोडून चार किलोच्या आत वजन. चेन ३/८ पिको (३/८ इंची मापाची, बुटकी), १.३ मिलिमीटर गेजची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी तेवढी. १४ इंची बारला ५० ड्राइव्ह लिंक (खाचेत बसणाऱ्या या कड्या), १६ इंचीला ५५. हे आकडे पाठ करा, कारण जुन्या मशिनावर भलतीच चेन चढवलेली असते आणि ती स्प्रॉकेट खाऊन टाकते. या मशीनचं दुखणं एकच. बॉडी प्लास्टिकची आणि इंजिन आत बसवलेलं, त्यामुळे क्रँकचं ऑईल सील गळायला लागलं तर ते बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. सीलची किंमत किरकोळ, मजुरीच जास्त.

एमएस २५० हे ४५.४ सीसीचं. दहा हजारांत धड अवस्थेत मिळालं तर विचार करत बसू नका, पण त्या भावात धड मिळणं कठीण. एमएस ३८२ सारखी ७२.२ सीसीची सहा किलोंची धूडं दहा हजारांत मिळतात, तेव्हा ती का मिळतात याचं उत्तर आत असतं: पिस्टन, क्रँकचं बेअरिंग, बार, स्प्रॉकेट सगळं एकदमच संपत आलेलं. असं मशीन उभं करायला घेतलेल्या किमतीइतकाच खर्च पुन्हा लागतो. वखारवाल्यानं किंवा ज्याच्या घरात मिस्त्री आहे त्यानंच त्याच्या वाटेला जावं.

चिनी ५८ सीसीचं मशीन वाईट असतं असं नाही. जुनं घेण्याजोगं मात्र क्वचितच असतं. नवंच ऑनलाइन पाच ते आठ हजारांत मिळतं, मग वापरलेल्याला चार हजार कशासाठी? नव्याच्या निम्म्याहून बरंच खाली येत असेल, तरच. स्टिकरवर ५२, ५८, ६२ असे आकडे असतात, पण सिलिंडर बहुधा ४५ मिलिमीटर बोरच्याच आसपासचा, तेव्हा आकड्याचे जादा पैसे देऊ नका. फायदा एवढाच की कार्बोरेटर, कॉइल, पिस्टन किट सगळं स्वस्त आणि एका मशीनचं दुसऱ्याला बसणारं. कच्च्या जागाही ठरलेल्या: कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी-प्लास्टिकचा जोड उष्णतेनं वाकतो आणि हवा ओढतो, चेनला ऑईल देणाऱ्या पंपाचं प्लास्टिकचं वर्म गिअर वितळतं, दोरीच्या स्टार्टरमधली स्प्रिंग तुटते, बारचे स्टड (बार धरून ठेवणारे बोल्ट) ढिले होऊन बॉडीतले आटे जातात. स्टड हातानं हलवून बघा. हलत असतील तर तिथूनच परत फिरा.

विजेवरचं कटर घराजवळच्या कामाला चांगलं, पेट्रोल-ऑईलची कटकट नाही. पण शेतात लांब वायर ओढली की व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. जुन्या मोटरला जळका वास येत असेल तर हातही लावू नका.

मशीन बघायला जाताना चार वस्तू सोबत ठेवा: प्लगचा पाना, टी-२७ टॉर्क्स (चांदणीच्या तोंडाची) आणि ४-५ मिलिमीटरच्या ॲलन की, स्टीलची पट्टी, आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं). गेज ओळखीच्या मोटरसायकल मिस्त्रीकडून घ्या, मात्र १४ मिलिमीटरचा ॲडॉप्टर मागून घ्या; कटरच्या प्लगचा आटा तेवढा असतो आणि बऱ्याच मोटरसायकलींचा त्याहून बारीक.

पोहोचल्यावर पहिलं काम: सायलेंसरजवळ हात न्या. गरम लागला तर विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवलंय. थंड मशीन चटकन चालू होत नाही ही गोष्ट लपवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. चहा घ्या, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग बघा.

गेजशिवायची जुनी परीक्षा अशी. स्टार्टरची दोरी मुठीत धरून मशीन हळूच सोडा. चांगलं मशीन कॉम्प्रेशनपाशी अडखळत, थांबत थांबत खाली जातं. सरळ घसरलं तर आत दम नाही. मोठ्या मॉडेलवर डीकॉम्प्रेशनचं (दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडणारं) बटण असतं, ते दाबलेलं राहिलं तर चांगलं मशीनही घसरतं, तेवढं बघून घ्या. गेज असेल तर प्लग काढून गेज बसवा, स्विच बंद ठेवा, रेस पूर्ण दाबून पाच-सहा वेळा दोरी ओढा. १५० पीएसआयच्या आसपास आलं तर उत्तम. १२० ते १३० असेल तर चालेल, भाव खाली आणा. १०० च्या खाली असेल तर ते मशीन नव्हे, पार्ट. इथे एक लबाडी माहीत असू द्या. प्लगच्या भोकातून थोडं ऑईल सोडलं की कॉम्प्रेशन थोड्या वेळापुरतं वाढतं. अशा मशीनचा प्लग ओला निघतो आणि चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं निळा धूर दाट येतो. सुका कॉफी रंगाचा प्लग हाच खरा. पांढराफटक असेल तर मशीन पेट्रोलला उपाशी चालत होतं, काळा-तेलकट असेल तर मिश्रण जाड (पेट्रोल जास्त, हवा कमी) किंवा एअर फिल्टर चोंदलेला.

आता सायलेंसर. दोन किंवा तीन नट-बोल्ट, पाच मिनिटांचं काम. तो काढला की एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन दिसतो. मोबाइलचा टॉर्च लावा आणि दोरी हळूहळू ओढून पिस्टन वर-खाली करा. पिस्टनच्या अंगावर बारीक आडव्या रेघा दिसल्या तर आनंद माना, त्या कारखान्यात पिस्टन घडवतानाच्या खुणा, अजून झिजलेल्या नाहीत. उभे ओरखडे दिसले तर ते वाचायला शिका. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मशीन ऑईल कमी घालून, किंवा कार्बोरेटर पेट्रोलला उपाशी ठेवून तापवलेलं आहे. इनटेकच्या बाजूला असतील (त्यासाठी कार्बोरेटर सोडवावा लागतो) तर धूळ आत गेली आहे, म्हणजे फाटका फिल्टर किंवा फिल्टरविनाच चालवलंय. काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते, फाटक्या फिल्टरमधून सरळ आत जाते. आपल्याकडच्या मशिनात ही खूण हमखास शोधा. चारी बाजूंनी खरवडलेला पिस्टन म्हणजे ऑईल न घालता साधं पेट्रोल टाकलेलं. तिथे भाव करायचा नसतो.

रिंग दिसेल तिथे माचिसच्या काडीनं हळूच दाबा. दबून परत बाहेर आली पाहिजे. काजळीत चिकटून बसली असेल तर कॉम्प्रेशन गेलंच म्हणून समजा. विकणारा सायलेंसर खोलू देत नसेल, ‘सील तुटेल’, ‘पॅकिंग मिळत नाही’ म्हणत असेल, तर आमच्या मते चर्चा संपली. पॅकिंगला किरकोळ पैसे पडतात, पिस्टन-सिलिंडरच्या ओरिजिनल किटला मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा.

सायलेंसर परत लावून चालू करा. चोक ओढून दोन-तीन खेच, मग चोक अर्धा, मग दोन-चार खेच. एवढ्यात पेटलं पाहिजे. दोन मिनिटं आयडलवर (रेस न देता) चालू द्या. चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडल जास्त ठेवलंय किंवा क्लचची स्प्रिंग तुटलीय. आयडल जास्त ठेवण्यामागे बऱ्याचदा कारण असतं: नेहमीच्या आयडलवर ते बंदच पडतं. चालू मशीन डावीकडे, उजवीकडे, तोंड खाली करून धरा. आवाज बदलला, वर चढला, तर कुठून तरी हवा ओढतंय. रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता रेंगाळत असेल तरी तेच. हवा ओढणारं मशीन पातळ मिश्रणावर चालतं आणि पिस्टन जाळतं, त्यामुळे हा दोष ‘स्क्रू फिरवून घेऊ’ म्हणण्यासारखा नाही.

सात-आठ इंची ओंडक्यावर तीन-चार काप घ्या, मग बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. गरम असताना पेटत नसेल, गार झाल्यावर पेटत असेल, तर बहुतेक इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) गेलेली. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा ही कॉइल दिवसभर त्रास देणार. चालता चालता पाच मिनिटांनी दम तोडत असेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करून बघा. लगेच सावरलं तर टाकीचा व्हेंट (हवा आत घेणारं भोक) चोंदलाय, दुरुस्ती फुकटात. असं मशीन भाव पाडून घ्यायला फार चांगलं.

चालू मशिनावर चेन ब्रेकची परीक्षा न घेता पैसे देऊ नका. चेन फिरत असताना पुढचं गार्ड मनगटानं पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. पुष्कळ मशिनांत ब्रेकची पट्टी घासते म्हणून काढून टाकलेली असते. गार्ड नुसतं शोभेचं. बारचं टोक फांदीला आपटलं की मशीन तोंडाकडे उलटतं, तेव्हा हाच ब्रेक वाचवतो. हँडलची रबरं फाटलेली असतील तर अर्ध्या तासात हात बधिर होतात. खालचा चेन-कॅचरचा (तुटलेली चेन अडवणारा) हूक आहे का तेही बघा.

ऑईल पंपाला एक मिनिट द्या. बारचं टोक कागदावर किंवा कापलेल्या ओंडक्याच्या पांढऱ्या तोंडावर, चार बोटं दूर धरून रेस द्या. काही सेकंदांत ऑईलची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर आधी बारचं भोक साफ करा, तरी नाही तर पंप किंवा वर्म गिअर. खानदेशात चेनला सर्रास ट्रॅक्टरचं जळकं ऑईल घालतात. त्यातला लोखंडाचा बारीक चुरा पंप झिजवतो आणि बारही खातो. ऑईलच्या टाकीत बोट घालून बघा, काळं-खरखरीत लागलं तर पंपाचं आयुष्य वजा करूनच भाव बोला.

बार काढा आणि टेबलावर कडेनं उभा करा. एकीकडे कलला तर रेल (चेनच्या खाचेची कड) झिजलेली, काप वाकडा जाणार. स्टीलची पट्टी रेलवर टेकवा. दोन्ही कडा सारख्या उंच असायला हव्यात. खाचेत चेन बसवून बाजूला हलवा, डोलत असेल तर खाच रुंद झालीय. टोकाचं स्प्रॉकेट हातानं फिरवा, खडखडत असेल तर नवा बार धरा. मागच्या ड्राइव्ह स्प्रॉकेटवर अर्ध्या मिलिमीटरहून खोल चरे पडले असतील तर तेही बदलायचं; जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली की तीही लवकर ताणते. हे काढताना एक लक्षात असू द्या, क्लचचा आटा उलटा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला तर सुटतो. मिस्त्री नवखा असेल तर हाच आटा तोडतो.

चेनच्या दातांकडे दुरून बघू नका, जवळून बघा. सगळ्यात छोटा दात चार मिलिमीटरहून कमी उरला असेल तर चेन संपली. एका बाजूचे दात लांब, दुसऱ्या बाजूचे आखूड असतील तर काप एका अंगाला ओढला जातो. ओंडका कापताना लाकडाचे जाड तुकडे पडले पाहिजेत, पिठासारखा भुसा पडत असेल तर धार नाही. धार लावता येते, म्हणून एवढ्यावरून मशीन नाकारू नका. ३/८ पिकोला ४ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ इंचीला ४.८, मोठ्या ३/८ ला ५.२. कोन ३० अंश, प्रत्येक दाताला सारख्याच दोन-तीन ओढी, आणि दातापुढचा डेप्थ गेज (काप किती खोल जावा ते ठरवणारा उंचवटा) दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. हातानं धार लावायला शिकलात तर मशीनचा अर्धा खर्च वाचतो. चेनचे खरे शत्रू दोन: बांधाच्या झाडात रुतलेली काटेरी तार, आणि माती. बुंधा जमिनीलगत कापायचा हट्ट केला की एका कापात धार जाते.

नक्कल मालाबद्दल थोडक्यात. ओळखीच्या ब्रँडच्या रंगातलं, स्टिकर चिकटवलेलं मशीनही बाजारात फिरतं. बॉडीवर कोरलेला सिरियल नंबर बघा, नुसत्या स्टिकरवरच्या नंबरवर जाऊ नका. नंबरचा फोटो काढून अधिकृत डीलरला विचारा. नंबर घासलेला असेल तर ते नक्कल असेल किंवा चोरीचं, दोन्ही नकोच. खरेदीची जुनी पावती असेल तर मागा, नसेल तर विकणाऱ्याचं नाव, मशीनचा नंबर आणि तारीख लिहून सही घ्या.

भाव. हातात दहा हजार असतील तर मशीनला साडेसहा-सात हजारांपुढे जाऊ नका. उरलेल्यातून चेन, प्लग, पेट्रोलची नळी नि फिल्टर, एअर फिल्टर, गोल कानस, आणि लागलाच तर बार. त्यातच डोळ्यांचा चष्मा आणि जाड बूट. पावसाळ्यात तोड थांबते तेव्हा मालक सोडायला तयार असतात. वादळात झाडं पडलेल्या आठवड्यात मात्र भाव करायला जाऊ नका, ‘कितलाले शे?’ विचारताच आकडा वर जातो. धडगाव-अक्कलकुवा भागात राहत असाल तर आणखी एक बघा: ज्या मशीनचा डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) किंवा दोरी शहाद्याला मिळत नाही, ते कितीही स्वस्त असो, महागच.

आणि कुठलं झाड कापणार आहात तेही. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. मशीन स्वस्तात मिळालं म्हणून बांधावरची चिंच आडवी करायची नसते.

घरी आणल्यावर जुनं पेट्रोल ओतून टाका, नळी आणि टाकीतला फिल्टर लगेच बदला. पंपावर हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, जुन्या नळ्या फुगवतं आणि डायफ्राम कडक करतं. कंपनीचं टू-स्ट्रोक ऑईल असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर, साधं टू-स्ट्रोक ऑईल असेल तर ४०. झाकणानं अंदाजे नाही, औषधाच्या सिरिंजनं मोजून. गाडीचं फोर-स्ट्रोक ऑईल अजिबात नाही. नवा प्लग बसवताना गॅप अर्धा मिलिमीटर. पहिल्या टाकीला जाड लाकूड नको, बाभळीच्या फांद्या घ्या आणि टाकी संपली की प्लग काढून रंग बघा. महिनाभर वापरायचं नसेल तर टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कार्बोरेटर खोलायला लागत नाही.